कुत्रं आणायचं तर फॉर्म कायले भरायचा?

मागच्या अंकात बेवारस जनावरांच्या केंद्रातून कुत्रं-मांजर दत्तक घेता येतं एवढं दोन ओळीत लिहिलं होतं, तर त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं पूर्ण सदर त्याच्यावरच करून टाकलं. गायी-म्हशीवाल्यांनी रागवू नका, तुमचे प्रश्न जपून ठेवले आहेत. नावं कोणाचीच छापली नाहीत, तालुका तेवढा दिला.

प्रश्न: डॉक्टर साहेब नमस्कार. आमचं वावर गावापासून लांब आहे, पऱ्हाटी अन तूर. रोही अन डुकरानं नुसता जीव नकोसा केला. जागलीले सोबत म्हणून कुत्रं पाहिजे. पोरगा नागपूरले शिकते, त्यानं तिथल्या एका केंद्रातलं कुत्रं पाहून ठेवलं, फोटोत तर चांगलं दमदार दिसते. पण ते लोक फॉर्म भरायला लावून राहिले, आधार कार्ड मागून राहिले, घराचा व्हिडिओ पाठवा म्हणतात अन वरून सांगतात का चोवीस तास साखळीनं बांधाल तर देणार नाही. नसबंदी पण करून ठेवली त्याची. आमचा बुढा म्हणते उकिरड्यावर ढीगभर पिल्लं पडली हायेत, एक उचलून आणा, फॉर्म कायले भरायचा? अन नसबंदी केलेलं कुत्रं राखण करते का जी? — एक शेतकरी, ता. दारव्हा

उत्तर: भाऊ, बुढ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उकिरड्यावरचं पिल्लू आणलं तरी काही पाप नाही, उलट चांगलंच आहे. पण मग लस, जंताचं औषध, नसबंदी सगळं तुमच्या अंगावर, आणि लस पूर्ण व्हायच्या आत पार्व्हो झाला तर रक्ताच्या उलट्या-जुलाबानं तीन-चार दिवसात पिल्लू हातचं जातं. शिवाय मोठं झाल्यावर ते भित्रं निघेल का चावरं निघेल का कोंबड्या मारेल हे आज कोणीच सांगू शकत नाही. केंद्रातलं दोन-तीन वर्षांचं कुत्रं म्हणजे त्याचा स्वभाव समोर दिसतो, तिथली पोरं रोज त्याला खाऊ घालतात त्यांना विचारलं की खरं काय ते कळतं. माझ्या मते शेतकऱ्याच्या घराला पिल्लापेक्षा असं मोठं कुत्रंच बरं पडतं, पण आपल्याकडं सगळ्यांना पिल्लूच पाहिजे असतं, काय करता.

आता फॉर्मचं. या लोकांनी काय काय पाहिलेलं असतं ते तुम्ही एकदा तिथं अर्धा तास बसाल तर कळेल. हौसेनं नेलेलं कुत्रं तीन महिन्यांनी हायवेवर सोडून दिलेलं सापडतं, गळ्यात पट्टा तसाच. म्हणून आधार, म्हणून व्हिडिओ. आणि "राखणीला पाहिजे" हा शब्द ऐकला की ते जास्तच सावध होतात, कारण राखणीचं कुत्रं म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन हाताची साखळी, डोक्यावर ऊन आणि उष्ट्या भाकरीचा तुकडा. तुम्ही तसं करणार नसाल तर व्हिडिओत लपवायचं काही नाही. पक्कं घर नसलं तरी चालतं, फाटक नसलं तर नाही म्हणून सांगा, पाणी कुठं ठेवाल, सावली कोणती, रात्री कुठं झोपेल, लग्नाला चार दिवस सगळे गेले तर भाकर कोण टाकेल एवढं दाखवा. शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटपेक्षा तुमची वाडी कुत्र्याला केव्हाही चांगली, हे त्यांनाही माहीत असतं.

बांधायचंच असेल तर दिवसा काही वेळ, निंबाखाली, दोन झाडांमध्ये तार ताणून त्यावर कडी सरकेल अशी लांब दोरी ठेवा, म्हणजे त्याला फिरता येतं. गळ्याभोवती दोन बोटं आत जातील एवढा पट्टा ढिला पाहिजे. पिल्लाला घातलेला पट्टा कुत्रं मोठं झाल्यावर मासात रुतलेला मी कितीतरी वेळा कापून काढला आहे, घरच्यांच्या लक्षातच येत नाही, वास सुटला की घेऊन येतात.

नसबंदीनं राखण कमी होत नाही. कुत्रं भुंकतं ते आपल्या जागेसाठी आणि आपल्या माणसासाठी. कमी होतं ते भादव्यातलं भटकणं. नसबंदी न केलेला कुत्रा भादव्यात आठ-आठ दिवस गायब राहतो, फाटक्या कानानं परत येतो आणि कधीकधी लघवीच्या जागी रक्त गळणारी गाठ घेऊन येतो. ती गाठ एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडं लागते, गावच्या कुत्र्यात लय कॉमन आहे, आठवड्या-आठवड्यानं सलाइनमधून औषध देऊन बरी होते पण तेवढ्या चकरा कोण मारतो. कुत्री असेल तर साधारण ६३ दिवसात पिल्लं, वर्षातून दोन वेळा, आणि मग तीच पिल्लं बुढ्याच्या त्या उकिरड्यावर.

राहिली जागल. इथं मी जरा स्पष्ट बोलतो. कुत्रं भुंकून तुम्हाला उठवेल एवढीच अपेक्षा ठेवा. त्याला डुकरावर सोडू नका, रानडुकराच्या सुळ्यानं पोट फाडलेलं कुत्रं दवाखान्यात पोचेपर्यंत आतडी बाहेर आलेली असतात आणि तुम्ही ते दुपट्ट्यात बांधून मोटरसायकलवर आणता, मग मी तरी काय करू. पहिला महिना त्याला वावरात नेऊच नका, घरीच राहू द्या, नाही तर पहिल्याच फटाक्याला ते जे पळेल ते पुन्हा दिसणार नाही. नंतर दिवसा दोरीनं न्या, मग रात्री. आणि धुऱ्यावर कोणाचं कुंपण आहे ते पाहून ठेवा. झटका मशीन (तारेला नुसता हलका धक्का देणारं) असेल तर कुत्रं एकदा केकाटून शिकतं, पण जे लोक सरळ लाइनचा करंट तारेत सोडतात (गुन्हा आहे तो, तरी सोडतात) तिथं कुत्रंही जातं आणि माणूसही.

केंद्रात एक गोष्ट नक्की विचारा, हे कुत्रं बकऱ्या-कोंबड्यांजवळ कधी राहिलं आहे का. शेजारणीची एक कोंबडी मेली की गावात कुत्र्याला कोणी ठेवू देत नाही.

प्रश्न: सर, आमच्या जवळपास असं केंद्र कुठं आहे? — ता. आर्वी

उत्तर: तुम्हाला वर्धा जवळ. पिपरी मेघेला पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचं करुणाश्रम आहे, तिथं आधी फोन करून मगच जा, सुटीच्या दिवशी अचानक पोट्ट्यांना घेऊन प्राणिसंग्रहालय पाहायला गेल्यासारखं जाऊ नका. आजारी जनावरासाठी मोठा दवाखाना म्हणाल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, १९५८ पासूनचं, आणि पश्चिम विदर्भातल्या लोकांना अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था. बाकी तालुक्याच्या जनावराच्या दवाखान्यात विचारा, आजकाल प्रत्येक तालुक्यात चार-दोन पोरं आपल्या खर्चानं जखमी कुत्री उचलून आणतात, त्यांच्या घरी नेहमी एखादं बरं झालेलं जनावर घराची वाट पाहत असतं.

प्रश्न: डॉक्टर, तीन दिवस झाले केंद्रातून कुत्री आणली, ती बाजेखाली जाऊन बसली ते बाहेरच येत नाही. खाऊन नाही राहिली, कोणी जवळ गेलं की अंग चोरते. सासूबाई म्हणतात हिला परत करा, हिला बाहेरचं काही लागलं आहे. — एक ताई, ता. मोर्शी

उत्तर: ताई, बाहेरचं काही नाही, घरातलेच जास्त झाले असतील. नवीन कुत्री आणली म्हणल्यावर अर्धी गल्ली पाहायला आली असेल, पोट्टे बाजेखाली वाकून वाकून "ये ये" करत असतील, कोणी मोबाइलचा टॉर्च मारला असेल. तिला जिथून आणलं तिथला आवाज वेगळा, वास वेगळा, खाणं वेगळं. कुत्र्याला घर ओळखीचं व्हायला दोन-तीन आठवडे सहज लागतात आणि पूर्ण मोकळं व्हायला दोन-तीन महिने.

असं करा. पाहुणे बंद. बाज आहे तिथंच राहू द्या, तिची ती जागा झाली आता, झाडायलाही आत हात घालू नका. केंद्रात काय खात होती ते फोन करून विचारा आणि आठवडाभर तेच द्या, एकदम दूध-पोळीवर आणली तर जुलाब लागतील. संध्याकाळी घर शांत झालं की तुम्ही एकट्याच बाजेपासून चार हातावर जमिनीवर बसा, तिच्याकडं तोंड करून नाही, आडव्या, तांदूळ निवडा नाही तर फोन पाहा, आणि मधूनमधून भाकरीचा नाही तर उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा तिच्या बाजूला सरकवून द्या. तिच्याकडं पाहू नका. हात लावायची घाई नको, ती येऊन हात हुंगेल तेव्हा गळ्याखाली खाजवा, डोक्यावरून हात नेऊ नका. बाहेर न्यायचं ते दोरीनंच, अंगणात सुद्धा, कारण या दिवसात सुटली की ती घर शोधत येणार नाही, तिला घर माहीतच नाही.

मात्र पाणीही पीत नसेल, उलटी करत असेल, हिरड्या पांढऱ्या फट दिसत असतील तर तो लाजरेपणा नाही, त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न: आमच्या दत्तक कुत्र्याच्या अंगावर गोचिडं झाली आहेत, कानात तर नुसता घोसच. शेजारचे म्हणाले पऱ्हाटीवर मारायचं औषध पाण्यात टाकून आंघोळ घाला, एका दिवसात साफ. घालू का? — ता. घाटंजी

उत्तर: नका घालू, नका घालू, नका घालू. एका दिवसात साफ होईल हे खरं आहे, पण गोचिडासोबत कुत्रंही. फवारणीची बरीच औषधं कातडीतून आत शिरतात. २०१७ साली तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं कित्येक शेतकरी आणि मजूर दगावले हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मग ते औषध अंगावर चोळून, वरून ते स्वतःला चाटणारं पंधरा-वीस किलोचं जनावर कसं वाचेल? तोंडाला फेस, अंगाला झटके, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी बारीक, पातळ संडास असं दिसलं की समजायचं विष भिनलं. हातात प्लास्टिकची पिशवी घालून साबणाच्या पाण्यानं कुत्रं धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊनच दवाखान्यात या. नुसतं "कपाशीचं औषध" म्हणून सांगता तुम्ही, त्यावर काय इलाज करायचा, बाटली पाहिली तर उतारा लवकर सुरू होतो.

गोचीड काढायचं तर चिमट्यानं, कातडीला अगदी लागून धरायचं आणि सरळ ओढायचं. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल लावणं, नखानं फोडणं हे तिन्ही बंद. काढलेलं साबणाच्या पाण्यात टाका. कुठं पाहायचं? कानाच्या आतल्या घडीत, बोटांच्या मधात, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी, जांघेत. पाठीवर हात फिरवून "नाही जी गोचिडं" म्हणणारे लय भेटतात.

आणि अंगावरची संपली म्हणजे काम झालं असं नाही. पोट भरलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि तिथं हजारो अंडी घालते, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी तुम्ही म्हणता औषध नकली निघालं. भिंतीच्या खालच्या भेगा लिंपून घ्या, कुत्र्याचं पोतं दर आठवड्याला उन्हात वाळवा, गोठा आणि कुत्र्याची जागा दोन्हीकडं एकाच वेळी औषध करा. कुत्र्यासाठी वजनानुसार चावून खायची गोळी मिळते, महाग पडते पण काम करते, मानेवर टाकायचे थेंबही मिळतात. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे थेंब तिला चुकूनही लावू नका, काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजरीला मारतं.

ताप, खाणं सोडलेलं, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त असं काही असेल तर गोचीड ताप असू शकतो, रक्त तपासून घ्या. त्याच्या गोळ्या तीन-चार आठवडे द्याव्या लागतात. दोन दिवसात कुत्रं उड्या मारायला लागलं की गोळ्या डब्यात जातात, आणि महिन्यानं तेच कुत्रं पुन्हा माझ्या टेबलावर.

प्रश्न: केंद्रातून आणलेल्या कुत्र्याचं नख माझ्या पाच वर्षांच्या मुलाला खेळताना लागलं. रक्त आलं नाही, नुसती लाल रेघ. आईनं हळद आणि तिखट लावलं. कुत्र्याच्या कार्डावर रेबीजची लस आहे. काही करायचं का? — ता. मेहकर

उत्तर: करायचं, आणि आजच. तिखट-हळद-चुना काही लावायचं नाही, नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. रक्त नाही आलं तरी कातडी खरचटली असेल तर लस लागते. कुत्र्याचं कार्ड सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जा, तारखा पाहून काय द्यायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील, तुम्ही-आम्ही घरी बसून ठरवायचं नाही. पोटात चौदा इंजेक्शनचा जमाना कधीचाच गेला, आता दंडातच देतात. कातडीत द्यायची लस असेल तर पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी, मासात द्यायची असेल तर १४ वा दिवसही असतो. रक्त निघालेली जखम असेल तर जखमेत वेगळं सीरम पण द्यावं लागतं, ते सगळ्या ठिकाणी नसतं, म्हणून फोन करून जा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण ते दहा दिवस पाहू मग लस घेऊ असं करू नका. रेबीज एकदा उठला की त्यावर औषध नाही.

कुत्र्याचं पण पाहून घ्या. तीन महिन्यांच्या वयाला पहिली लस, महिनाभरात दुसरी, मग दरवर्षी. कार्डावर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरची सही पाहिजे, नुसतं पेनानं "रेबीज झाली" लिहिलेलं मी तरी धरत नाही.

प्रश्न: आमचं गाव जंगलाला लागून आहे. बिबट्यानं या वर्षी गल्लीतली बरीच कुत्री नेली. असं असताना केंद्रातून कुत्रं आणावं का? — ता. सिंदेवाही

उत्तर: रात्री दाराच्या आत घेणार असाल तरच आणा. तुमच्याकडं लोक उन्हाळ्यात अंगणात झोपतात आणि कुत्रं खाटेच्या पायाला बांधतात, बिबट्या यायला नको म्हणून. होतं उलटं. बिबट्याला कुत्रं आवडतं, बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला हातपाय न हलवता मिळालेलं जेवण, आणि बाजूच्या खाटेवर तुमची लेकरं. कुत्रं दिवस मावळला की आत, दाराला कडी, कोंबड्यांचे पिसं-आतडी घरामागं फेकणं बंद. एवढं जमत नसेल तर सध्या नको.

आणि मोहफुलं वेचायला जाताना त्याला घरी ठेवून जा. कुत्रं पुढं पळतं, अस्वलावर नाही तर वाघावर भुंकतं आणि घाबरून पळत येतं ते सरळ तुमच्याकडंच. त्याच्यामागं कोण येते ते वेगळं सांगायला नको. डिस्टेंपरची लसही चुकवू नका, तो रोग कुत्र्यातून जंगली जनावरात जातो.

प्रश्न: नागपूरचे ओळखीचे लोक लॅब्राडोर देऊन टाकत आहेत, फुकट. आमचं घर टिनाचं आहे. घ्यावं का? — ता. वरोरा

उत्तर: चंद्रपूर जिल्हा, मे महिना, ४६-४७ डिग्री, टिनाखाली तो केसाळ जाडा कुत्रा आणि दुपारी लाइन गेली की कूलर बंद. नका घेऊ. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं एवढाच त्याचा कूलर. गावठी कुत्रं या उन्हाला मुरलेलं असतं, तरी त्यालाही ओलं पोतं, मातीची जागा आणि दोन ठिकाणी पाणी लागतंच. फुकटात मिळतं म्हणून तर मुळीच नका घेऊ, लॅब्राडोरचं खाणं फुकट नसतं.

प्रश्न: सोयाबीन सोंगताना सशाचं पिल्लू सापडलं, पोरीनं घरी आणलं. आणि घरात मिठू पण आहे. हे दत्तक म्हणून ठेवता येईल का? — ता. काटोल

उत्तर: नाही. दोन्ही जंगली, दोन्ही ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, कोणतंही केंद्र असे प्राणी दत्तक देत नाही. पिल्लू आजच जिथून उचललं तिथंच धुऱ्याला गवतात ठेवून या, माणसाचा हात लागला म्हणून मादी टाकते असं काही नाही, ती दिवसा लांब राहते आणि अंधार पडला की पाजायला येते. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ वर फोन करा, तुम्हाला नागपूरचं सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर जवळ आहे. मिठूलाही तिथंच द्या, एकदम आकाशात सोडू नका, पिंजऱ्यातल्या राघूला उडता येत नाही, कावळे मारतात.

प्रश्न: सून गरोदर आहे आणि मुलानं केंद्रातून मांजर आणायचं ठरवलं. शेजारच्या बाया म्हणतात मांजरीच्या केसानं बाळाला धोका असतो. — एक आजी, ता. चांदूर रेल्वे

उत्तर: आजी, केसानं काही होत नाही. धोका असतो तो मांजरीच्या विष्ठेतून होणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा, आणि ती विष्ठा ताजी असताना लागत नाही, एक दिवस पडून राहिली की मग लागते. म्हणून मांजरीची माती रोजच्या रोज बदलायची आणि ती मुलानं बदलायची, सुनेनं हात लावायचा नाही. तिनं परसातली वांगी-मिरच्या तोडून आल्यावर हात साबणानं धुवायचे, भाजी धुऊन खायची, मटण नीट शिजवून खायचं, कारण हा जंतू कच्च्या मटणातून आणि मातीतूनही येतो, मांजर घरात नसलं तरी. तिच्या डॉक्टर बाईंनाही एकदा सांगून ठेवा. बाकी मांजर जरूर आणा, पण मुलाला म्हणा बोका आणत असशील तर नसबंदी केलेलाच आण, नाही तर धान्याच्या पोत्यांवर मुतून घरभर असा वास करेल की बाळंतपणाला आलेले पाहुणे दारातूनच परत जातील.